दोन वाक्यांमधली जागा

४ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

फोनवर बोललं की तुझ्या कानात दडे बसतात, म्हणून यापुढे पत्रच लिहायचं, हा तुझा हुकूम शिरसावंद्य. ऑफिसात मी पेन घेऊन कागदावर लिहितेय हे बघून दोघंजण माझ्या तब्येतीची चौकशी करून गेले.

काकांचा बोलका डबा कसा चाललाय? पाठवून तीन महिने झाले. आता कृपा करून नुसतं "छान" लिहू नकोस. तो बनवणाऱ्या चौघांपैकी मी एक आहे, त्याचे सगळे दोष मला पाठ आहेत. सगळ्यात मोठा दोष म्हणजे उशीर. काकांनी वाक्य लिहून बटण दाबलं की डबा बोलायला चार सेकंद घेतो. आम्ही इथे "चार सेकंद म्हणजे काय फार नाही" असं म्हणून सोडून दिलं होतं. परवा मी एक उद्योग केला. दिवसभर कुणीही काही विचारलं की मनात चार मोजायचे आणि मगच उत्तर द्यायचं. दुपारपर्यंत तिघांनी "राग आलाय का?" म्हणून विचारलं, आणि कॅन्टीनवाल्याने कंटाळून मला नको असलेली कॉफी हातात दिली.

स्वरयंत्र काढायच्या ऑपरेशनच्या आधी पंधरा दिवस आपण काकांना त्या गाद्या लावलेल्या खोलीत बसवून त्यांचा आवाज रेकॉर्ड केला होता ना, त्याचे आम्ही बारीक बारीक तुकडे केलेत. जवळजवळ चाळीस हजार. काका जे लिहितील त्याला जुळणारे तुकडे डबा शोधतो आणि सांधून बोलतो. म्हणजे आवाज त्यांचाच, वाक्य कुठलंही. हे शोधण्यातच वेळ जातो.

आता गंमत ऐक. मला वाटत होतं डब्यातला प्रोसेसरच दुबळा आहे. गळ्यात अडकवायची वस्तू, तापून चालत नाही, बॅटरी दिवसभर पुरली पाहिजे, म्हणून लहानच बसवावा लागतो. पण मोजून बघितलं तर तो बिचारा बराचसा वेळ काम करतच नव्हता. नुसता वाट बघत होता. त्याच्या अगदी हाताशी एक इवलीशी जागा असते, कॅशे म्हणतात तिला. तिथे असलेलं त्याला तत्काळ मिळतं. तिथे नसलं तर मुख्य मेमरीतून मागवायचं, आणि त्याच्या हिशेबाने ती फार लांब. शंभरदा काही मागितलं तर एकाहत्तर वेळा ते हाताशी नसतं. मी ज्याला आळशी म्हणत होते तो दारात ताटकळत उभा होता, आणि त्याला उभं केलं होतं मी.

एप्रिल संपला की मला दुसऱ्या कामावर टाकणार आहेत. डब्याचं पुढे काय, हे कुणी ठरवलेलं नाही. म्हणजे जे काय करायचं ते तोपर्यंतच. तेव्हा खरं खरं लिही.

तुझी,
मुंगी


१२ फेब्रुवारी

प्रिय मुंगी,

डबा छान चाललाय. (तू नको म्हणालीस तरी लिहिलं. खरं आहे तर काय करू?) तुझे काका रोज गळ्यात घालतात. हवं-नको सांगतात. हल्ली वाचन वाढलंय त्यांचं, त्यामुळे घर तसं शांत असतं. तू काळजी करू नकोस, आणि कॉफी पिऊन पित्त वाढवून घेऊ नकोस.

तुझं ते ताटकळत उभं राहणं वाचून मला माझ्या थिएटरमधली एक पोरगी आठवली. ऑपरेशन थिएटर म्हणतेय, नाटकाचं नव्हे. नवीन नवीन नर्स होती, कामाला चोख, अक्षर मोत्यासारखं. पहिल्यांदाच तिला ट्रे लावायला दिला. तिने काय करावं? सगळ्या कात्र्या एका रांगेत, सगळे चिमटे एका रांगेत, सुया तिसरीकडे. दुकानात मांडल्यासारखं. शिवाय प्रत्येक वस्तू तिच्या पाकिटासकट, वर तारखेची चिठ्ठी तशीच. बघणाऱ्याने वाहवा करावी. पण पाकिटांमुळे ट्रेवर मावल्या जेमतेम सहा वस्तू, बाकीच्या मागच्या टेबलावर. आमचे मोठे सर्जन कधी मान वर करत नसत. नुसता हात पुढे करायचे आणि त्या हातात पुढची वस्तू पडायची. त्या दिवशी त्यांचा हात तसाच हवेत राहिला. एकदा, दोनदा, पाचदा. त्यांनी कधी आवाज चढवला नाही, त्या दिवशीही नाही, पण त्या पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी तिला नंतर बाजूला घेऊन सांगितलं, बाई गं, प्रकारानुसार लावायचं ते कपाटात. ट्रे लावायचा तो हाताच्या क्रमाने. आधी चीर, मग रक्त थांबवायचं, मग धरून ठेवायचं. कात्रीच्या शेजारी कात्री कशाला? कात्रीच्या शेजारी तिच्यानंतर लागणारा चिमटा. आणि पाकिटं, चिठ्ठ्या मागे ठेव, त्यांचं टेबलावर काही काम नाही.

तुझ्या यंत्राशी याचा काही संबंध असेल-नसेल. म्हातारपणी माणसाला सगळीकडे आपलीच नोकरी दिसते.

तुझी,
मावशी


२१ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

संबंध? तुझं पत्र मी आमच्या सगळ्यांना वाचून दाखवलं. अर्ध्यातच एकजण उठला, स्वतःच्या टेबलाशी गेला आणि प्रोग्राम उघडून बसला.

ती पोरगी म्हणजे मी. मीसुद्धा आवाजाचा प्रत्येक तुकडा पाकिटासकट ठेवला होता. कधी रेकॉर्ड केला, कुठल्या वाक्यातला, माझी टिपणं, सगळं एकत्र बांधून. शोधताना लागतं फक्त इतकंच की तुकडा कुठल्या सुरात सुरू होतो आणि कुठल्या सुरात संपतो. पण प्रोसेसर मेमरीतून एकेक वस्तू आणत नाही, चौसष्ट बाइटचा एक अख्खा ट्रे उचलून आणतो. माझ्या कृपेने त्या ट्रेवर एक कामाची वस्तू आणि बाकी सगळ्या चिठ्ठ्या! मी चाळीस हजार तुकड्यांचे सूर तेवढे वेगळे काढून एकाला एक लागून ठेवले. चिठ्ठ्या मागच्या टेबलावर. आता एका ट्रेत आठ तुकड्यांचे सूर येतात. चार सेकंदांचे पावणेदोन झाले. एकही नवीन हुशारी न करता, नुसतं आवरून.

राहिला तुझा दुसरा मुद्दा, हाताच्या क्रमाने लावण्याचा. त्यासाठी मला हाताचा क्रम माहीत हवा. काका जे तुकडे नेहमी वापरतात ते एकमेकांच्या शेजारी ठेवायला हवेत, म्हणजे एक आणताना पुढचाही आपोआप येईल आणि हाताशी राहील. पण डबा काय बोलला याची नोंद आम्ही मुद्दाम ठेवत नाही. माणसाचं बोलणं त्याचं असतं, ते कंपनीने चोरून ऐकायचं नाही, हा आमचा नियम आहे आणि मला तो आवडतो. तेव्हा हे काम तुझ्याकडे. दोन आठवडे काका काय काय बोलतात ते त्यांना विचारून वहीत टिपून ठेव. जसंच्या तसं. शिव्या दिल्या तर शिव्यासुद्धा.

मुंगी


९ मार्च

प्रिय मुंगी,

यादी सोबत जोडली आहे. चौसष्ट वाक्यं भरली. आकडे घालून, स्वच्छ अक्षरात लिहिली आहेत म्हणजे तुला त्रास नको. शिव्या एकही नाही, हे तुझ्या काकांच्या वतीने अभिमानाने कळवते.

घरी सर्व ठीक. गॅलरीचं दार रंगवून घेतलं. रंग ह्यांनी निवडला, म्हणजे मी तीन दाखवले आणि त्यांनी एकावर बोट ठेवलं.

तुझी,
मावशी


२३ मार्च

प्रिय मावशी आणि काका,

जिंकलो! यादीतली सगळी वाक्यं मी डब्याला शंभर-शंभर वेळा बोलायला लावली. "मला थोडं पाणी हवं आहे", "आज बरं वाटतंय", "तू दमली असशील, जरा बस", "मी तुझा आभारी आहे". एकूण एक वाक्य अर्ध्या सेकंदाच्या आत. आधी शंभरात एकाहत्तर वेळा ताटकळायचा तो प्रोसेसर आता शंभरात सहा वेळा थांबतो. काका, तुमचा आवाज दिवसभर इतक्या प्रेमाने "तू दमली असशील, जरा बस" म्हणत होता की संध्याकाळी आमची झाडणारी बाई खरंच खुर्ची ओढून बसली.

नवीन प्रोग्राम या छोट्या कार्डावर आहे. डब्याच्या मागचं झाकण नखाने उघडेल. जुनं कार्ड काढ, हे बसव, बस. मावशी, तुझ्या हातांनी याहून नाजूक गोष्टी आत-बाहेर केल्या आहेत, त्यामुळे मला चिंता नाही.

आणि मग मला लिही, काका पहिलं काय बोलले.

मुंगी


३० मार्च

प्रिय मुंगी,

कार्ड बसवलं. छान आहे. आभार.

मावशी


६ एप्रिल

इंजिनीअरसाहेब,

पत्र माझं आहे. तुझी मावशी केस कापायला गेली आहे, म्हणजे दीड तास निवांत. पेन्सिलीने लिहितोय कारण पेनं कुठे ठेवली आहेत ते विचारायची माझी टाप नाही. उत्तर घरी पाठवू नकोस, कोपऱ्यावर माझा दोस्त चष्म्याचं दुकान चालवतो, त्याचा पत्ता मागे दिला आहे.

तुझ्या मागच्या पत्रात ती वाक्यं वाचली. मुली, त्यातलं एकही माझं नाही. चौतीस वर्षांच्या संसारात मी या बाईला "मी तुझा आभारी आहे" असं एकदाही म्हटलेलं नाही, आणि म्हटलं असतं तर तिने थर्मामीटर आणलं असतं. यादी तिने स्वयंपाकघरात बसून मनाने लिहिली. कारण टिपून घ्यायला काही नव्हतंच. डबा डिसेंबरपासून कपाटात आहे.

तुझा डबा वाईट नाही. पहिल्यांदा माझा आवाज त्यातून आला तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो होतो. पण मी कंडक्टर माणूस. एकोणतीस वर्षं बसमध्ये काढली. प्रवासी पायरीवर आहे तोवर त्याला उत्तर द्यायचं असतं. तो उतरून गेल्यावर दिलेलं उत्तर आपलं आपणच ऐकायचं. आता घरचं सांगतो. तुझी मावशी बोलायला लागली की थांबत नाही, हे तुला माहीत आहे. तिच्या एका वाक्यात आणि दुसऱ्यात श्वास घेण्यापुरती जागा असते. मी चौतीस वर्षं त्या जागेत राहिलो. तेवढ्यात माझा एक टोमणा बसायचा, ती "गप्प बसा हो" म्हणायची आणि गाडी पुढे. आमचं सगळं प्रेम, भांडण, जे काय म्हणशील ते, तेवढ्याच जागेत झालं.

डबा आला. ती बोलत असतानाच मी टोमणा लिहून तयार ठेवायचो, पण बटण दाबल्यावर तो चार सेकंदांनी पडायला लागला. तोवर ती दोन विषय पुढे. ती दचकायची, "काय म्हणालात?" म्हणायची, मग मी पुन्हा दाबायचं. एकच टोमणा दोनदा मारला की तो टोमणा राहत नाही, तक्रार होते. तेसुद्धा मी सोसलं असतं. पण मग तिने काय केलं असेल? ती थांबायला लागली. एक वाक्य बोलायची, हात मांडीवर ठेवायची आणि माझ्याकडे बघत बसायची. पेशंटकडे बघतात तसं. इतकी बडबडी बाई माझ्यासाठी गप्प बसते, हे मला बघवेना. म्हणून मी डबा काढून ठेवला. मला वाटलं, मी बोलायचंच नाही म्हटलं की ती पुन्हा सुटेल. पण ती आणखीनच गप्प झाली.

नवीन कार्ड मी गुपचूप घालून बघितलं. तिच्या यादीतलं वाक्य पटकन बोलतो, कबूल. माझं बोलायला गेलं की तेच, दोन सेकंद. दोन सेकंदही फार होतात, साहेब.

माझी खरी वाक्यं सोबत आहेत. आठवतील तशी लिहिली, दोनशे बारा झाली. मासल्यासाठी चार:

"सांगून झालं असेल तर मी ऐकायला सुरुवात करू का?"
"बरोबर. चूक माझीच. कुठली ते तेवढं कळव."
"हे मला सांगतेयस की भिंतीला? भिंत कंटाळलेली दिसते."
"सिस्टर, पेशंट जिवंत आहे, चादर तोंडावरून काढा."

यातलं तिला काही कळू देऊ नकोस. बिचारीने यादी फार मन लावून लिहिली होती.

तुझा काका


१२ एप्रिल

काका,

चष्म्याच्या दुकानात पोचेल या भरवशावर लिहितेय.

तुमचं पत्र वाचून आधी हसले, मग रडले, मग स्वतःचे कान उपटले. मी अगदी काटेकोरपणे, शंभर-शंभर वेळा, भलत्याच माणसाचं बोलणं मोजत बसले होते. त्या यादीतला माणूस मावशीला हवा असलेला सोज्ज्वळ पेशंट होता. डबा त्याच्यासाठी सुसाट धावत होता आणि तुम्ही मागे उभे.

तुमची दोनशे बारा वाक्यं मी प्रोग्राममध्ये घातली आणि एक गोष्ट दिसली, जी तुम्हालाही माहीत नसेल. तुम्ही काहीही बोलायला लागलात तरी सुरुवात अकराच शब्दांपैकी एकाने करता. "बरोबर", "हे", "सिस्टर", "सांगून", "मग", "तर", असेच. फक्त अकरा! म्हणजे त्या अकरा शब्दांचे तुकडे मी कायम प्रोसेसरच्या हाताशी ठेवू शकते, कितीही गर्दी झाली तरी तिथून हलवायचे नाहीत. आणि पहिला शब्द उच्चारला जात असतानाच पुढचे तुकडे मागवायला सुरुवात करायची. म्हणजे सर्जनने हात पुढे करायच्या आधीच वस्तू उचललेली.

दोन आठवडे हातात आहेत. पण काका, मावशीशी एकदा बोला ना. लिहून दाखवा. तुम्ही डबा का काढलात हे तिला माहीत नाही. तिला काय वाटत असेल?

मुंगी


१५ एप्रिल

प्रिय मुंगी,

हे पत्र मी तीनदा फाडलं.

यादी खोटी होती. डबा कपाटात आहे. मला माफ कर, तू एवढं रक्त आटवून काम करतेस आणि मी तुला मनची वाक्यं लिहून पाठवली. काय करू, दोन आठवडे वही उघडून बसले होते आणि वहीत उतरवायला एक अक्षर नव्हतं. मग मीच लिहीत गेले. लिहिताना बरं वाटलं. "तू दमली असशील, जरा बस" लिहिलं तेव्हा खरंच उठून दोन मिनिटं आडवी झाले.

कानात दडे वगैरे काही बसत नाहीत. फोनवर मी बोलते आणि हे बाजूला बसून नुसते ऐकतात, ते मला सहन होत नाही म्हणून फोन बंद केला.

मुंगी, ते माझ्यावर रागावलेत. ऑपरेशन त्यांना नको होतं. रेकॉर्डिंगच्या शेवटच्या दिवशी, तू माइक आवरत होतीस तेव्हा मला म्हणाले, "आवाजच काढला तर माझ्यात उरतं काय?" मी नर्ससारखी बोलले. टक्केवारी सांगितली. थांबलात तर काय काय होईल ते क्रमाने सांगितलं, एकही गोष्ट गाळली नाही. घाबरवलं त्यांना. मग त्यांनी सही केली, आणि त्यांच्याखाली मी. आता मी समोर बसून विचारते, वाट बघते, मनात म्हणते, वेळ लागू दे, हवा तेवढा वेळ घ्या, पण काहीतरी म्हणा. ते मान हलवतात आणि पुस्तक उघडतात. मी जन्मभर लोकांना बरं होताना पाहिलं. हे बरे झाले आणि माझ्याकडे बघेनासे झाले. आवाज गेल्याचं दुःख करत असते तर मी निभावलं असतं. पण ते मला माफ करत नाहीत.

तू कुणाला सांगू नकोस. आईला तर मुळीच नको.

तुझी,
मावशी


२६ एप्रिल

माझी मावशी,

यादीबद्दल माफी मागू नकोस. कुणी माझ्या प्रोग्रामसाठी इतक्या मायेने खोटं बोललेलं नाही.

सोबत नवीन कार्ड आहे. यात मला खरी वाक्यं मिळाली आहेत. कुठून मिळाली ते विचारू नकोस, मी सांगणार नाही. काल शेवटची मापं घेतली. कुठलंही वाक्य असो, बटण दाबल्यापासून पहिला शब्द यायला एका सेकंदाचा पाचवा भाग. मी स्वतः डोळे मिटून ऐकलं, बोट खाली गेलं की आवाज आलाच. येत्या एक तारखेपासून मला दुसऱ्या कामावर पाठवतायत. जाऊ दे. माझं जे करायचं होतं ते झालं.

काका रागावलेत की नाही, हे मी तुला सांगणं बरोबर नाही. ते त्यांनीच सांगायचं. पण एक गोष्ट डबा बनवणारी म्हणून सांगते, आणि ती तू ट्रे लावण्याच्या शिस्तीने पाळ. कार्ड बसव, डबा त्यांच्यासमोर ठेव आणि वाट बघू नकोस. थांबू नकोस. प्रश्न विचारून हात मांडीवर ठेवून बसू नकोस. तुझं ते नेहमीचं बोल, शेजारणीचं, भाजीवाल्याचं, माझ्या आईचं, एकातून दुसरं, श्वास न घेता. त्यांना वेळ देऊ नकोस. अजिबात देऊ नकोस. तुला हे क्रूर वाटेल, पण तुझं थांबणंच त्यांना सोसत नाही.

दुसऱ्यासाठी वाट बघणं चांगलं, हे तू मला शिकवलंस. या एका माणसाच्या बाबतीत ते विसर.

तुझी,
मुंगी


५ मे

प्रिय मुंगी,

कार्ड सोमवारी बसवलं. डबा त्यांच्या खुर्चीच्या हातावर ठेवला आणि तू सांगितलंस तसं बोलायला लागले. तुला काय सांगू, पाच महिने गप्प राहिल्यावर बडबड करणंसुद्धा जमेना. प्रत्येक वाक्यानंतर माझे हात आपोआप मांडीवर जायचे. मग मी हातांना काम लावलं, धुतलेले कपडे घड्या करायला घेतले. सोमवारी काही नाही. मंगळवारी डबा गळ्यात दिसला, पण बोलले नाहीत. मी आपली बोलतेय. खालच्या मजल्यावरचा नळ, त्याला लावलेली चिंधी, तुझ्या आईचा गुडघा, तो डॉक्टर किती शिकाऊ आहे, सगळं झालं.

बुधवारी सकाळी उशांचे अभ्रे घालत होते. गुडघ्याच्या डॉक्टरवरून गाडी डॉक्टरांवर आली, डॉक्टरांवरून ऑपरेशनवर. मला कळलंच नाही मी कुठे चाललेय ते. अभ्रा हातात, पाठ त्यांच्याकडे, आणि मी म्हणतेय, "मीच हट्ट धरला हो, माझंच चुकलं, तेव्हा मी तुम्हाला एवढं घाबरवलं नसतं, करायला लावलं नसतं ते ऑपरेशन..." आणि श्वास घ्यायला थांबले. श्वासच फक्त. तेवढ्यात मागून आवाज आला, त्यांचा, अगदी त्यांचा, बसमध्ये मागच्या सीटवर ऐकू जायचा तसा:

"तर आज ही बडबड ऐकायला कोण असतं? बोल पुढे."

मुंगी, मला पुढे बोलता येईना. अभ्रा तोंडावर धरून तशीच उभी राहिले. आधी कळत नव्हतं की मी रडतेय. हे उठले, समोर आले, अभ्रा हळूच खाली केला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि खांदे हलत होते. हसले की त्यांचा आवाज येत नाही आता, नुसते खांदे हलतात. मी तरी गप्पच. तर पुन्हा बोट खाली गेलं:

"काय झालं सिस्टर? आता तुमचा आवाज कुणी काढला?"

मी म्हटलं, "गप्प बसा हो." पाच महिन्यांनी म्हटलं.

त्यांना म्हटलं, तुम्ही रागावला होतात ना माझ्यावर? त्यांनी एरवीसारखं पाटीवर लिहिलं नाही, मान हलवली नाही. "बरोबर. रागावलो होतो. तू गप्प बसलीस म्हणून." असं म्हणाले, तेसुद्धा माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत. मग कोण आधी गप्प बसलं यावरून आम्ही भांडलो. चांगलं पाऊण तास. मध्येच त्यांनी तुझ्याशी चाललेला पत्रव्यवहार आणि चष्म्याच्या दुकानाची भानगड कबूल केली, त्यावरून वेगळं भांडलो. मी हरले. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच हरायला इतकं बरं वाटलं की मुद्दाम आणखी दोनदा हरले.

काल चहा पिताना मी सहज म्हटलं, एवढं लेकराने आपल्यासाठी केलं, तुम्ही तिला दोन शब्द तरी लिहा. तर म्हणाले, "बरोबर. लिहितो. आधी तुझं पत्र संपू दे, म्हणजे पुढच्या वर्षी."

तुझं नवीन काम कसं आहे? साहेब कसे आहेत? जेवणखाण वेळेवर कर. डोळ्यांना पाणी लाव. तुझ्याशी आणखी पुष्कळ लिहायचं होतं, पण हे मघापासून मध्ये मध्ये बोलतायत.

तुझी,
मावशी